थपडेपलीकडच्या ललिता पवार

डहाणू रोडहून उत्तरेकडे निघालेली गाडी घोलवड आणि बोर्डी रोड मागे टाकून उंबरगाव रोडला लागते, तेव्हा महाराष्ट्राची हद्द संपलेली असते. ही हद्द १९६० पर्यंत नव्हतीच. उंबरगाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलाच तालुका. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा त्याचा मोठा भाग तिकडे गेला आणि इकडे राहिलेल्या गावांचा मिळून तलासरी झाला. म्हणूनच उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत रामानंद सागर यांचं ‘रामायण’ चित्रित झालं, याचा अभिमान डहाणू-तलासरीकरांनाही वाटतो, आणि तो वाटायलाच हवा.

ती मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. टीव्ही तेव्हा घरोघरी नव्हता, पाड्यांवर तर नाहीच. ज्याच्याकडे होता त्याच्या ओटीवर रविवारी सकाळी गर्दी व्हायची. आजही तिच्या आठवणी निघाल्या की राम, सीता, रावण, हनुमान ही नावं येतात. मंथरा झालेल्या ललिता पवारांचं नाव आलं की मात्र बोलणं भूमिकेवर टिकत नाही. ते लगेच एका थपडेवर जातं.

गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या एका प्रसंगात मास्टर भगवान यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. थप्पड खरोखरच जोरात बसली. डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार लांबले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. इथपर्यंतचं सगळं खरं आहे आणि वाईट आहे. पण या गोष्टीला पुढे एक शेपूट जोडलं जातं. रूप गेलं म्हणून नायिकेची कारकीर्द संपली, नाइलाजाने दुष्ट सासवा कराव्या लागल्या, आणि तो डोळाच शेवटी त्यांचं भाग्य ठरला, असं सांगितलं जातं. म्हणजे एका बाईने जवळजवळ सत्तर वर्षं केलेल्या कामाचं श्रेय एका पुरुषाच्या हाताला जातं. वाढदिवसाला, स्मृतिदिनाला, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत हे इतक्यांदा छापून आलं आहे की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. ती घ्यायला हवी.

आधी सनावळ्या पाहू. ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, गाव येवला, मूळ नाव अंबा सगुण. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात त्यांनी बालकलाकार म्हणून काम केलं. १९३२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता आणि त्यात त्यांनी तिहेरी भूमिका केली. १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’ मध्ये त्या नायिका होत्या आणि स्वतः गायल्याही. १९३८ ला त्यांनी ‘दुनिया क्या है’ काढला, टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवर बेतलेला. १९४१ ला मास्टर विनायकांचा, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा ‘अमृत’ आला, त्यातही त्या होत्या. थप्पड बसली तेव्हा या बाईंची चौदा वर्षं कॅमेऱ्यासमोर गेली होती आणि दोन चित्रपट त्यांनी निर्माती म्हणून उभे केले होते. केवळ देखण्या चेहऱ्यावर पोट भरणाऱ्या नटीचं हे चरित्र वाटत नाही. सोळाव्या वर्षी एकाच चित्रपटात तीन माणसं होऊन पाहणाऱ्या मुलीला नायिकेची चौकट तेव्हाच अपुरी पडत होती.

काही जण भगवान यांनाही ‘नवखा नट’ करून टाकतात, म्हणजे अपघात सुटसुटीत होतो. भगवान यांनी १९३८ मध्येच ‘बहादूर किसान’ च्या दिग्दर्शनात भाग घेतला होता. ते नवखे नव्हते.

आता पुढचं. तीन वर्षं उपचार आणि मग खलनायिका म्हणून पुनरागमन, असा क्रम सांगितला जातो. प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली पडद्यावर आला, आणि त्यातल्या आनंदीबाई ललिता पवार आहेत. म्हणजे उपचारांचा काळ सरायच्या आतच त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि उभ्या राहिल्या त्या मराठी प्रेक्षकाने इतिहासात सर्वांत जास्त बोल लावलेल्या स्त्रीच्या भूमिकेत. या आनंदीबाई सासू नाहीत, म्हाताऱ्या नाहीत, कुरूप तर मुळीच नाहीत. राघोबादादांच्या मनातली लालसा जिच्या तोंडून बोलते अशी ती तरणी, हुशार, महत्त्वाकांक्षी बायको आहे. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री ताठ उभे राहू शकतात, कारण समोर तेवढ्याच ताकदीची बाई आहे. प्रभातसारख्या कंपनीने ही भूमिका दयेपोटी दिली असेल, हे पटत नाही.

विरोधी बाजूत एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. हिंदी सिनेमाने त्या डोळ्याचा वापर केला. लंगडा पाय, कुबड, तिरळा डोळा दिसला की मनही वाकडं असणार, ही समजूत आपल्या पडद्याने वर्षानुवर्षं पोसली आणि त्यात असंख्य अपंग माणसांचा अपमान केला. ललिताबाईंच्या चेहऱ्याचं दुखणं निर्मात्यांनी दुष्टपणाची खूण म्हणून विकलं असेल, तर तो दोष निर्मात्यांचा. पण डोळाच दुष्टपणा करत असता तर ‘श्री ४२०’ (१९५५) मधल्या गंगामाईचं काय करायचं? मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी, कुणा उपऱ्या पोराला ओरडत ओरडत जवळ करणारी ती बाई त्याच डोळ्याने बघते. ‘अनाडी’ (१९५९) मधल्या मिसेस डिसा त्याच डोळ्याने बघतात. घरभाड्यावरून राज कपूरच्या पात्रावर तोंड सोडणाऱ्या आणि त्याच्या ताटाची काळजी वाहणाऱ्या या घरमालकिणीसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. ‘अनाडी’चे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी यांना ते माणूस इतकं आवडलं की ‘आनंद’ (१९७१) मधल्या इस्पितळाच्या मेट्रनलाही त्यांनी डिसा हेच नाव दिलं, आणि भूमिका पुन्हा ललिताबाईंनाच.

नटीच्या शरीरावर घाला पडला की तिची कहाणी कशी सांगावी, याचा एक वेगळा नमुना फ्रान्समध्ये आहे. सारा बर्नार्ड यांचा उजवा पाय १९१५ साली कापावा लागला, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. त्यांनी काम थांबवलं नाही. महायुद्धाच्या आघाडीवर जाऊन सैनिकांपुढे अभिनय केला आणि १९२३ मध्ये वारल्या तेव्हाही त्यांच्या घरीच एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. दुसरं उदाहरण सिमोन सिन्योरे यांचं. १९५२ च्या ‘कास्क दोर’ मधलं त्यांचं रूप फ्रेंच सिनेमाने डोक्यावर घेतलं. पुढे शरीर जड झालं, चेहरा सुरकुतला आणि त्यांनी ते लपवायला नकार दिला. १९७७ च्या ‘मादाम रोझा’ मध्ये त्यांनी दुसऱ्यांची पोरं सांभाळणारी, थकलेली, आजारी, पूर्वाश्रमीची वेश्या उभी केली आणि सेझार पारितोषिक मिळवलं. ज्या ‘रूम ॲट द टॉप’ साठी त्यांना ऑस्कर मिळालं तो चित्रपट आणि ‘अनाडी’ एकाच वर्षीचे, १९५९ चे. सिन्योरे यांचं रूप गेल्याची हळहळ तिकडच्या पत्रांनीही छापली, पण त्यांचा अभिनय त्या हळहळीतून जन्मला असं सहसा कुणी म्हटलं नाही. मराठीत आपण तेच म्हणत आलो आहोत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ललिताबाईंनी खाष्ट सासू इतकी रुजवली की घराघरांतल्या सासवांकडे बघायची नजर बिघडली, असं अनेक सुशिक्षित बायकाही म्हणतात. यातला काही भाग पटतो. ‘सौ दिन सास के’ (१९८०) सारख्या चित्रपटात लेखनाने त्यांच्या नावलौकिकावर सगळा भार टाकला आणि माणसाऐवजी नुसता साचा उरला. पण त्या सासवांची सुरुवात कुठे आहे ते पाहायला हवं. व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ १९५० चा, हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. कायद्याच्या अकरा वर्षं आधी हुंड्याचा छळ पडद्यावर दाखवायचा, तर तो छळ करणारं माणूस प्रेक्षकाच्या अंगावर यायला हवं. सासू सौम्य केली असती तर चित्रपटाचा कणाच मोडला असता. ललिताबाईंनी ती इतकी खरी केली की बायका तिला ओळखू लागल्या, आणि ती ओळख त्यांना आपापल्या घरातून मिळाली होती.

‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये उलटं घडलं. तिथे घटस्फोटाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या सीतादेवीला पटकथेने टवाळीचा विषय केलं आहे. हिंदू विवाह कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी हा चित्रपट आला, आणि त्याची बाजू चुकीची आहे. तरीही ललिताबाईंची सीतादेवी मान खाली घालत नाही. अब्रार अल्वींच्या पटकथेने तिला हरवलं, अभिनयाने नाही.

त्यांचं कसब एकाच ठिकाणी बघायचं तर ‘प्रोफेसर’ (१९६२) लावावा. दार्जिलिंगमधल्या या करारी मावशी पोरांना शिकवायला म्हातारा मास्तरच हवा म्हणतात, म्हणून शम्मी कपूरचं पात्र दाढी लावून म्हातारं होतं. पुढे मावशी त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडतात. दिग्दर्शक लेख टंडन यांनी हा प्रसंग हसण्यासाठी रचला आणि थिएटर हसतंही. पण ललिताबाई त्यात एक अवघड गोष्ट करतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावण्यात जिचं स्वतःचं सगळं राहून गेलं, ती बाई उशिरा, भीत भीत नटायला लागते. नटताना तिला लाज वाटते, आणि ती लाज त्या लपवत नाहीत. बघणारा हसता हसता थांबतो. त्या बाईला फसवलं जातंय हे त्याला माहीत असतं आणि आपण फसवणाऱ्याच्या बाजूने बसलोय हे त्याला बोचतं. शम्मी कपूरच्या धमालपटात प्रेक्षकाला असं अवघडून टाकणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

१९६१ हे एकच वर्ष घेतलं तरी सगळा वाद मिटावा. त्या वर्षी ‘जंगली’ मध्ये घरात हसण्याला बंदी घालणारी आई त्या होत्या. हृषीकेश मुखर्जींच्या ‘मेमदीदी’ मध्ये शीर्षकभूमिका त्यांची होती, पंचेचाळिसाव्या वर्षी. बाबूभाई मिस्त्रींच्या ‘संपूर्ण रामायण’ मध्ये त्या मंथरा होत्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना त्याच वर्षाचा मिळाला. नायिकेची कारकीर्द संपलेल्या किती नट्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी चित्रपटाच्या नावातच आपली भूमिका पाहायला मिळते?

म्हणजे सागरांच्या मालिकेतली मंथरा त्यांची पहिली नव्हती. पंचवीस वर्षांनी त्या तीच भूमिका पुन्हा घेत होत्या, सत्तरी ओलांडून. आणि इथे डहाणू-तलासरीच्या प्रेक्षकाने जिल्ह्यातल्याच एका परंपरेकडे बघावं. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवात, गणपती आणि शारदेची सोंगं नाचतात तशी रावणाचीही नाचतात. राक्षसाचा मुखवटा घेणं तिथे कमीपणाचं नसतं. तो मान असतो, आणि तो घेणाऱ्याला रात्रभर नाचून पेलावा लागतो. देवाचं सोंग मोठं आणि दैत्याचं हलकं, असा हिशेब बोहाडा करत नाही. मालिकेच्या वेळी मात्र आपण तो केला. सीता आणि रामाच्या पाया पडलो आणि मंथरेला शिव्या घातल्या.

याच मालिकेत कौसल्या झालेल्या जयश्री गडकरांनाही या हिशेबाची झळ लागली. कारवारकडे जन्मलेल्या, ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ने घराघरांत पोचलेल्या, ‘मानिनी’ (१९६१) सारखी भूमिका करणाऱ्या या नटीला नव्या पिढीने फक्त रामाची आई म्हणून ओळखलं. आईची भूमिका म्हणून निदान त्यांना आदर मिळाला. मंथरेच्या वाट्याला तोही आला नाही.

टाळेबंदीत, मार्च २०२० पासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं. ते भाग आता सहज बघता येतात. त्यांतला अयोध्याकांडाचा भाग लक्ष देऊन बघावा. राज्याभिषेकाची बातमी ऐकून पद्मा खन्नांची कैकेयी आनंदलेली आहे, आणि दासीला राणीचं मन फिरवायचं आहे. हुकूम सोडणं तिच्या हातात नाही. हातात आहे ती फक्त माहेराहून बरोबर आल्याची जवळीक. ललिताबाई ती जवळीकच कामाला लावतात. कधी रुसतात, कधी रडतात, कधी उद्याची भीती घालतात, आणि मधेच आपण हिला वाढवलंय याची आठवण करून देतात. हिला कैकेयीबद्दल खरोखर माया आहे, हे पटल्याशिवाय तिच्या बोलण्याने एवढं राज्य उलथावं हे पटत नाही. ती माया आवाजात आहे, कैकेयीकडे झुकलेल्या अंगात आहे, हाताच्या पकडीत आहे. डावा डोळा त्या चौकटीत आहेच, पण त्याच्याकडे बघायला त्या सवड देत नाहीत.