शब्दांच्या गावा : आयरिश लोहार

मुलांनो, 'लोहार'ला 'चा' जोडला की 'लोहाराचा' होतं, मधे एक 'आ' येतो. आयर्लंडमधल्या आयरिश भाषेतही शब्द बदलतो, पण जरा निराळा. तिथे लोहार म्हणजे साधारण 'गाउ' (लिहिताना मधे 'भ' असतो, बोलताना तो विरघळतो, बरं का!). 'लोहाराचा' म्हणायचं तर 'गाउन'. वेगळा 'चा' नकोच, शब्दाचं शेपूटच बदलतं! 'मॅक' म्हणजे मुलगा. 'मॅक गाउन', लोहाराचा मुलगा, हे आडनाव झालं. इंग्रजी अमलात कुणाचं 'मॅकगोवन' झालं. कॅव्हन परगण्यात मात्र बहुतेकांचं थेट भाषांतरच झालं: 'स्मिथ'! त्यामुळे तिथला स्मिथ अस्सल आयरिश असला, तरी आडनावावरून ते कळतच नाही.