जोडीदार बदला!

साल्सा असो की चाचाचा, कुठल्याही ग्रुप क्लासच्या पहिल्याच दिवशी एक प्रसंग हमखास घडतो. शिक्षक गाणं थांबवतो, टाळी वाजवतो आणि म्हणतो, "चेंज पार्टनर." वर्तुळ सरकायला लागतं, पण एक-दोन जोडपी जागची हलत नाहीत. कुणाचं लग्न नुकतंच ठरलेलं असतं, कुणाच्या लग्नाला पंधरा वर्षं झालेली असतात. "आम्ही दोघंच करतो," असं हळूच सांगितलं जातं. फी भरलेल्या माणसाला कशाला दुखवा, म्हणून शिक्षकही मान डोलावतो. तिथेच तो चुकतो. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत हे क्लास आता सर्रास दिसतात, तेव्हा एकदा स्पष्ट बोललेलं बरं: जिथे जोडीदार बदलत नाहीत तिथे नाच शिकवला जात नाही, फार तर एखादं गाणं बसवून मिळतं.

बॉलरूम म्हटलं की टीव्हीवरचे झगमगते पोशाख आणि परीक्षकांच्या गुणांच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. स्पर्धेच्या हिशेबात हे दहा नाच आहेत. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप हा एक गट; सांबा, चाचाचा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह हा दुसरा, लॅटिन. साल्सा आणि बचाटा या दहांत बसत नाहीत, पण आपल्याकडचे बहुतेक क्लास चालतात ते त्यांच्याच जोरावर. पासो डोब्लेचा नाटकीपणा सोडला, तर यातलं बहुतेक सगळं मुळात प्रेक्षकांसाठी नव्हतंच. शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये जावं, ओळखपाळख नसलेल्या माणसाबरोबर चार गाणी नाचावीत आणि शेवटची बस पकडून घरी यावं, इतका तो साधा मामला होता.

अनोळखी माणसाबरोबर नाचता यावं, यासाठी तर मुळात या स्टेप पक्क्या केल्या गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतून जॅझ आला आणि लंडनच्या नाचघरांत जो तो मनाला येईल तसा पाय टाकू लागला. एका हॉलमध्ये शिकलेला फॉक्सट्रॉट दुसऱ्या हॉलमध्ये चालेना. 'डान्सिंग टाइम्स' मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी मे १९२० मध्ये ग्राफ्टन गॅलरीज इथे नृत्यशिक्षकांना एकत्र बोलावलं. शिक्षकांच्या अशा बैठका पुढे होत राहिल्या आणि १९२९च्या मोठ्या परिषदेपर्यंत पायाभूत स्टेप आणि संगीताची गती यांवर बरंचसं एकमत झालं. त्यात शिस्तीचा ब्रिटिश सोस होता, धंद्याचं गणितही होतं. तरी फायदा सामान्य नाचणाऱ्याचाच झाला. लीड्समधल्या दुकानात काम करणारी मुलगी सुट्टीत ब्लॅकपूलला गेली, तर तिथल्या कुणाही तरुणाबरोबर तिला वॉल्ट्झ करता येऊ लागला.

व्हिक्टर सिल्व्हेस्टर हे नाव इथे घ्यावंच लागतं. १९२२मध्ये या गृहस्थांनी जागतिक स्पर्धा जिंकली आणि १९२७मध्ये बॉलरूमचं पुस्तक लिहिलं. मग नाचणाऱ्यांना हवी तशी एकसारख्या गतीची गाणी कोणताच वाद्यवृंद वाजवत नाही, ही तक्रार स्वतःच दूर करायला १९३५मध्ये त्यांनी आपला वाद्यवृंद काढला. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१पासून, ते बीबीसीच्या रेडिओवरून नाच शिकवत. रेडिओवरून नाच! ऐकणारे कागदावर स्टेप उतरवून घेत आणि स्वयंपाकघरात पाय टाकून पाहत. अमेरिकेत आर्थर मरे यांनी त्याआधीच, १९२०च्या दशकात, पावलांचे कागदी आराखडे टपालाने विकायला सुरुवात केली होती. कागद जमिनीवर पसरायचा, क्रमांक पाहत पाय ठेवायचे. आज तेच काम यूट्यूब करतं. पाय कुठे पडायला हवा ते यातून नक्की कळतं. समोरच्या माणसाला ते कसं कळवायचं, हे मात्र ना कागद शिकवतो, ना रेडिओ, ना मोबाइल.

आता क्लासच्या फरशीवर नेमकं काय होतं ते जवळून पाहू. चाचाचाचं बेसिक चालू आहे: टू, थ्री, चा-चा-वन. पुरुषाचा उजवा तळवा जोडीदाराच्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा हात त्याच्या दंडावर. बेसिक दोनदा झालं की हात उचलून तिला एक गिरकी द्यायची, असं ठरलंय. नवरा-बायको हे घरी वीस वेळा करून आलेत. दुसरं बेसिक संपतं आणि ती फिरते. तो खूश. पण ती त्याच्या इशाऱ्यावर फिरलेली नसते. आता गिरकी येणार हे तिला पाठ असतं. त्याचा हात तर अर्धा ठोका उशिराच वर गेलेला असतो. "चेंज पार्टनर" होतं. नवी जोडीदार समोर येते, दुसरं बेसिक संपतं, आणि ती फिरत नाही. सरळ उभी राहून त्याच्याकडे पाहते. तो हात जोरात ओढतो, तिचा तोल जातो, दोघं हसतात. शिक्षक येऊन सांगतो, की हात शेवटी. आधी तुमचं वजन पायावरून पायावर जायला हवं, छाती वळायला हवी, म्हणजे तिला एक ठोका आधीच कळतं. घरच्या वीस सरावांत न उमगलेली गोष्ट एका अनोळखी बाईने न फिरून त्याला दाखवून दिली.

उलट बाजूनेही हेच घडतं. एकाच माणसाबरोबर शिकलेल्या बाईला पुढचं ओळखायची सवय लागते, वाट पाहायची लागत नाही. वर्तुळात मात्र एक जोडीदार ताडमाड उंच, एक ठोका सोडून चालणारा, एक हात लोखंडी सळईसारखे ताठ धरणारा आणि एखादा साठीतला, ज्याला फार येत नाही पण जेवढं येतं ते अगदी स्वच्छ. दर दोन-तीन मिनिटांनी पावलाची लांबी बदलावी लागते, हाताचा दाब बदलावा लागतो. या कटकटीतूनच अंगात शहाणपण मुरतं, आणि त्याला एकट्याने करायचा पर्याय नाही.

हवानात १९५०च्या दशकात क्लबांमध्ये रंगलेल्या 'रुएदा'ने तर या बदलालाच नाच केलं. सगळ्या जोड्या गोलात. एक जण पुकारा करतो आणि सगळे एकाच वेळी तीच स्टेप घेतात. त्याने "दामे!" म्हटलं, की प्रत्येक पुरुष आपली जोडीदार सोडून पुढच्या बाईकडे जातो. नवरात्रात दांडियाच्या समोरासमोरच्या रांगांत दोन टिपऱ्या वाजवून पुढे सरकणाऱ्या मराठी माणसाला हे अजिबात परकं वाटायचं कारण नाही. तिथे कुणी "आम्ही दोघंच खेळतो" म्हणत नाही. म्हटलं तर रांगच अडून बसेल.

फरक आहे तो स्पर्शाचा, आणि तो मान्य करायला हवा. आपल्या फुगडी-झिम्म्यात बायका बायकांबरोबर खेळतात, लेझमीत प्रत्येकाच्या हातात आपापली लेझीम, वरातीत आणि विसर्जनात प्रत्येक जण आपल्यापुरता. परका पुरुष आणि परकी बाई हात धरून ठोक्यावर चालताहेत, असं आपल्याकडे सहसा कुठे दिसत नाही. अशा नाचाबद्दलच्या सरकारी पातळीवरच्या संशयाचं उदाहरण हवं तर जपानचं घ्यावं. तिथे १९४८च्या कायद्याने डान्स हॉलना रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यांच्या पंगतीत बसवून पोलिसांच्या नजरेखाली आणलं. मासायुकी सुओ यांच्या १९९६च्या 'शॅल वी डान्स?' या चित्रपटातला मध्यमवयीन कारकून बॉलरूम शिकायला जातो ते घरी न सांगता, चोरी केल्यासारखा. पुढे हॉलिवूडने त्याची नक्कल केली. मूळ चित्रपटात अधिक गोड आहेत ते ग्रुप क्लासमधले तीन नवशिके पुरुष, आरशासमोर एकमेकांकडे चोरून बघत पाय मोजणारे. हा संकोच ठाण्यातल्या बँक अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जसाच्या तसा दिसतो.

तरी हे सगळं आपल्याकडे काल-परवा मॉलबरोबर आलं, असं समजणं चूक. १९३५मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन जॅझ बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता, आणि पुढे शहराच्या हॉटेलांतला हा धंदा मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादकांनी सांभाळला. त्यांतले चिक चॉकलेट, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. १९५१च्या 'अलबेला' चित्रपटात लॅटिन ठेका आला तो या वाटेने. संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ चितळकर, नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव: इतकी अस्सल मराठी जोडी रुंबाच्या बोंगोंवर सहज डोलली, आणि गिरणगावाने ते डोक्यावर घेतलं. भगवानदादांची ती अर्धवट वाकलेली, खांदे हलवणारी चाल कुणालाही जमते. म्हणूनच ती अजून वरातींत दिसते.

गोव्यात तर क्लासची गरजच कमी. ख्रिस्ती लग्नांत बँड वाजायला लागला की पोरं आजीबरोबर, मामाबरोबर, शेजारच्या काकूंबरोबर फ्लोअरवर जातात आणि वॉल्ट्झ असाच पायात बसतो. पुस्तकातल्या स्टेपचं नाव कुणाला ठाऊक नसेल, पण समोरचा वळणार आहे हे सगळ्यांना कळतं. तिथे जोडीदार बदलायला सांगावं लागत नाही. मुंबई-पुण्यातल्या क्लासने खरं तर या गोव्याच्या मांडवाची उणीव भरून काढायची आहे.

आणि आपले बरेचसे क्लास करतात काय? 'संगीत पॅकेज' विकतात. एक जोडपं, एक गाणं, आठ सेशन, शेवटी बाईला खाली झुकवून फोटो. लग्नाच्या हंगामात याच पैशांवर भाडं निघतं, हे खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. पण तीच पद्धत नेहमीच्या बॅचमध्येही शिरली आहे. महिनाभर एकच रूटीन, महिनाअखेरीस व्हिडिओ, व्हिडिओ इन्स्टाग्रामवर. २००६मध्ये 'झलक दिखला जा' सुरू झाल्यापासून नाच म्हणजे बसवलेला तीन मिनिटांचा तुकडा, हे डोक्यात पक्कं बसलंय. तीन महिने साल्सा शिकलेल्या मुलाला दुसऱ्या गाण्यावर, दुसऱ्या मुलीबरोबर उभं केलं की तो गोठतो. फी घेऊन त्याची फसवणूक झाली, असंच म्हणावं लागेल.

जोडीदार बदलण्याला बायकांचा जो विरोध असतो, तो मात्र वेगळा आहे आणि त्याला संस्कृतीच्या भाषणाची गरज नाही. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एखादा असा असतोच, जो गरजेपेक्षा जवळ ओढतो किंवा स्वतःला येत नसताना समोरचीला शिकवत राहतो. यावर उपाय शिक्षकाच्या हातात आहे. पकड कशी आणि कुठे, हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर दाखवायचं. एकमेकांना शिकवायची मनाई. कुणालाही, कारण न सांगता, एक फेरी बाहेर बसायची मुभा. आणि न ऐकणाऱ्याला फी परत देऊन निरोप. ब्यूनस आयर्सच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या नाचमेळाव्यांत, आमंत्रण दुरून नजरेनेच दिलं जातं. नजर वळवली की नकार, कुणाचाही पाणउतारा नाही. तीन-चार गाण्यांचा संच संपला की जोड्या सुटतात. आपल्या वर्तुळातला दोन मिनिटांचा बदलही बाईच्या सोयीचाच आहे. नकोसा माणूस दोन मिनिटांत पुढे जातो. ठरलेला जोडीदार नकोसा निघाला तर तीन महिने जात नाही.

दुसरी अडचण संख्येची. बऱ्याच बॅचमध्ये बायका जास्त, पुरुष कमी, आणि पूर्ण फी भरलेल्या तिघी-चौघी भिंतीला टेकून आपली पाळी यायची वाट पाहतात. त्यांना लीड करायला शिकवावं, इतकं सरळ उत्तर असताना शिक्षक का कचरतात कळत नाही. टँगोचे जुने नर्तक सांगत, की त्यांच्या तरुणपणी पुरुष आधी पुरुषांबरोबर शिकत, तेही आधी बाईची बाजू. बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली' या टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेत २०२०साली मुष्टियोद्धा निकोला ॲडम्स आणि केटिया जोन्स अशी दोन स्त्रियांची जोडी उतरली. ज्याने दोन्ही बाजू शिकल्या, त्याचा हात हलका असतो.

वयाचं कारण पुढे करणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगायला हवा. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००३साली ७५ वर्षांवरील ४६९ जणांची पाहणी छापून आली. तपासलेल्या शारीरिक हालचालींपैकी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध दिसला तो फक्त नाचाचा. नाचामुळेच धोका कमी झाला असं यातून सिद्ध होत नाही. ज्यांची डोकी शाबूत होती तेच नाचायला जात असतील. पण पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, ते बॉलरूमचे नसले तरी एकत्र शिकण्याचेच होते. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत दुपारी रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा असतात. त्या तासाभरासाठी बाजूला करायला कुणाची हरकत नसावी.

क्लास लावण्याआधी चालू बॅच एकदा बाहेर बसून पाहावी. फरशी पाहावी: रबरी तळव्याचे बूट टाइल्सवर अडकतात आणि गिरकीत गुडघा पिळवटतो, म्हणून मऊ चामड्याच्या तळव्याचे बूट वापरायला शिक्षक सांगतो का ते विचारावं. महिन्यातून एकदा 'सोशल' होते का, म्हणजे कुणी काही सादर न करता नुसती गाणी लावून सगळे सगळ्यांबरोबर नाचतात का, हेही विचारावं. मुंबईच्या घामात एक नॅपकिन आणि जास्तीचा शर्ट न्यावा. समोरच्यावर ते उपकारच. आणि "कपल असाल तर तुम्हाला पार्टनर बदलायची काही गरज नाही" असं रिसेप्शनवरच कौतुकाने सांगितलं गेलं, तर पावती फाडू नये. तेवढ्या पैशांत लग्नाचं गाणं बसवून देणारा कोरिओग्राफर घरी येतो.