बोरन्हाणाचा मुकुट

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बारक्या लेकरांची बोरन्हाणं असतात. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने आणि डोक्यावर हलव्याचा मुकुट! लेकराला पाटावर बसवायचं, वरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. तुमच्या घरी यंदा कुणाचं बोरन्हाण आहे का? असेल तर मुकुट विकत आणायचा हट्ट करू नका. हलवा साखरेचा. घाम लागला की चिकट होतो, आणि बाळराजे चाटून चाटून अर्धा मुकुट संपवतात. आपण तसाच पांढराशुभ्र, पण कापसाचा मुकुट करू. आपल्या जालना जिल्ह्यात या दिवसांत कापसाला काय तोटा?

आधी माप घ्या. एक दोरा कपाळावरून डोक्याभोवती फिरवा आणि पट्टीवर मोजा. तीन वर्षांच्या लेकराचं डोकं साधारण ४८ ते ५० सेंटिमीटर भरतं. आता बाबांचं मोजा. ५६-५७ च्या आसपास येईल. बाबा उंचीनं जवळजवळ दुप्पट, पण डोकं मात्र थोडंसंच मोठं! जन्मलेल्या बाळाचं डोकं ३४-३५ सेंटिमीटर असतं आणि पहिल्याच वर्षात ते ११-१२ सेंटिमीटर वाढतं. उंची मात्र पुढं किती तरी वर्षं वाढत राहते. घरातल्या सगळ्यांची मापं वहीत लिहून काढा, मजा येते.

जानेवारीत गेल्या वर्षाचं कॅलेंडर रिकामं झालेलं असतं. त्याचं जाड पान घ्या आणि बरोबर मध्ये घडी घाला. घडीच्या बाजूला १२ सेंटिमीटर उंच आणि टोकाकडं उतरत ४ सेंटिमीटर, असा अर्धाच मुकुट काढा. दोन्ही पदर एकदम कापा. उघडलं की पूर्ण मुकुट, दोन्ही बाजू अगदी सारख्या. वर्गात सममिती शिकलात ना, ती हीच. डोक्याच्या मापापेक्षा ३ सेंटिमीटर जास्त लांबी हवी. कमी पडली तर मागच्या बाजूला तेवढी पट्टी जोडा, समोर जोड नको. वरून पतंगाचा काळा कागद चिकटवा.

चिकटवायला खळ करू. चमचाभर मैदा किंवा कणीक थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतायची आणि घट्ट होईपर्यंत ढवळायची. चुलीजवळचं काम आईनं किंवा बाबांनीच करायचं हं! पुस्तकं बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे. आपल्याला अजिबात नको, कारण बारक्यांची बोटं आधी तोंडात जातात.

आता कापूस. घरचा असेल तर सरकी तुम्ही काढा, वाटीत टाका आणि वाटी उंचावर ठेवा. सरकी नाकात घालायची लहान मुलांना भारी हौस! मग कापूस बारक्याच्या पुढ्यात ठेवा. चिमूटभर घ्यायचा, तळहातावर वळायचा, गोळी झाली की खळीत बुडवून काळ्या कागदावर ठेवायची. मुकुट त्याचा आहे, तेव्हा गोळ्या त्यालाच वळू द्या. तुम्ही ताईदादा मंडळी कडेची माळ करा. आजीला विचारा, ती देवासाठी गेजवस्त्र करते तशीच. कापूस लांब ओढायचा आणि ओल्या बोटांनी थोड्या थोड्या अंतरावर पिळायचा. मध्ये कुंकवाची बोटं लावली की माळ उठून दिसते.

पालकहो, एक विनंती. तीन वर्षांच्या मुलाची गोळी गोल होत नाही. ती लांबट होते, कधी नुसता पुंजका होतो, आणि पाच-सहा एकाच जागी चिकटतात. पाहुणे येणार म्हणून रात्री मूल झोपल्यावर त्या उपटून नीट लावणारी माणसं मला माहीत आहेत. सकाळी मुलाला ते बरोबर कळतं. 'माझी कुठंय?' म्हणून ते शोधत बसतं, आणि पुढच्या वेळी कागद पुढं केला तर 'तूच कर' म्हणतं. पहिलीच्या वर्गात अशी मुलं मी दरवर्षी पाहते. हात चांगले असतात, पण चित्र काढायला सांगितलं की बाईंकडं बघत राहतात. शिवाय अंगठा आणि दोन बोटांची जी चिमूट कापूस धरते, तीच पुढं पेन्सिल धरते.

बोरन्हाणाला आलेल्या पोरांसाठीही साध्या पट्ट्यांचे मुकुट करून ठेवा. कॅलेंडरची बारा पानं आहेतच. पाटावरच्यालाच मुकुट आणि लुटायला आलेल्यांना काही नाही, हे मला तरी बरं वाटत नाही.

हनुवटीखाली रबर किंवा दोरी बांधू नका, गळ्याला काचते. मुकुट मागं खळीनंच जोडा. स्टेपलरची पिन टोचते. डोक्यावरून मुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता. बोरं, शेंगदाणे, हरभरे बाजूच्या ताटात मोठ्या मुलांसाठी असू द्या. लहानग्याच्या घशात ते अडकू शकतात. लूट झाली की पाटाखाली गेलेले दाणे आधी वेचून घ्या.

उरलेला कोरा कापूस आजीला वातींसाठी परत द्या. खळ लागलेला देऊ नका, त्याची वात नीट जळत नाही आणि आजी रागावते.