भिंतीवरचा वारली

२६ जानेवारी आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत संस्कृतीला ऊत येतो. फेटे, लेझीम आणि भिंतीवर हमखास वारली नाच. मध्ये तारपावाला, भोवती सगळे गोल. बघणारे खूष. चित्र झकासच आहे. वारली बायांनी लग्नाच्या चौकासाठी तांदळाच्या पिठानं काढलेलं, जगभर गेलं.

पण ह्या त्रिकोणी माणसांना पोट होतं, हे कोण सांगणार? १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगाव तालुक्यांत, ह्याच वारल्यांनी जमीनदार-सावकारांची वेठ झुगारली. गोदावरी परुळेकर सोबत होत्या. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. ते चित्र कुठल्या भिंतीवर आहे?

मी गोदीत ओझी उचलतो. तिथं माल बघणारे पुष्कळ, पाठ बघणारा कुणी नाही. वारल्याचं तेच झालंय.

२६ जानेवारी ही घटनेची तारीख आहे, नुसत्या देखाव्याची नाही. २५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी बजावलं होतं : राजकारणात समता येईल, पण समाजात नि पोटापाण्यात विषमता राहील. ती लवकर संपवा, नाहीतर तिनं पोळलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उडवून देतील.

तेव्हा नाचा जरूर. पण तारप्याबरोबर वेठीची गोष्टही सांगा. नाहीतर वारली म्हणजे फक्त भिंतीचा रंग.