कोंड्याची भाकरी

बालाघाटच्या उतारावरील हलक्या जमिनीत थोड्या पावसावर बाजरी पिकते आणि काळ्या रानात रब्बीची ज्वारी. बीड जिल्ह्यात भाकरी म्हणतात ती या दोन धान्यांची. परंतु भाकरी पांढरी व मऊ व्हावी म्हणून पुष्कळ घरांत पीठ बारीक चाळणीने चाळतात आणि कोंडा गुरांपुढे टाकतात. ही रीत मला नुकसानीची वाटते.

दाणा हे मुळात बी असते. किडीपासून व बुरशीपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून वनस्पती त्याच्या सालीत काही द्रव्ये साठवते. फेरुलिक आम्ल हे त्यांतलेच एक. ते सालीच्या तंतूंना घट्ट चिकटलेले असते आणि मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव ते मोकळे करतात. चाळताना या द्रव्यांचा, तंतूंचा व लोहाचा बराच भाग आपण गमावतो. साल काढण्याचा परिणाम १८९७ च्या सुमारास जावा बेटात दिसून आला. तेथे आइकमान या डॉक्टरांना आढळले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. यातूनच पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र धान्यावरील प्रत्येक संस्कार वाईट, असे मुळीच नाही. सालीतच फायटिक आम्ल असते. ते लोहाला धरून ठेवते व अंगी लागू देत नाही. बाजरी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर ते कमी होते. भाकरीबरोबर लिंबाची फोड खाल्ली तरी लोह अधिक शोषले जाते.

बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते, हे सर्वांना ठाऊक आहे. दाण्याच्या अंकुरात तेल असते. दळताना ते मोकळे होते आणि पिठातील पाचक द्रव्ये त्याचे विघटन करतात. अंकुर व साल काढून टाकली तर पीठ टिकते खरे, पण मग त्यात राहिले काय? त्यापेक्षा आठवड्यापुरतेच दळण गिरणीत न्यावे.

ज्याच्या ताटात दूध, फळे, भाज्या आहेत त्याची उणीव इतरत्र भरून निघेल. पण आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीला जातात आणि कित्येक महिने कोपीत राहतात. तेथे भाकरी आणि चटणी हेच कित्येकदा जेवण असते. त्या भाकरीतून काढलेला कोंडा कशाने भरून काढावा?

कोंड्याची भाकरी कडेने चिरते, ही थापणारीची तक्रार खरी आहे. पीठ ताजे व बारीक दळलेले असावे आणि ते आधणाच्या पाण्यात मळावे, म्हणजे ती पुष्कळ कमी चिरते.