अनाथ मुलाला मदत मिळते, आधार कोण देणार?



पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या मार्वे, आक्सा, मनोरीच्या किनाऱ्यांवरचे धोक्याचे फलक, जीवरक्षक आणि पोलिसांची गस्त यांची चर्चा सुरू होते. ती व्हायलाच हवी. १६ जुलै २०२३ला, रविवारी, मार्व्याला १२ ते १६ वर्षांची पाच मुलं पाण्यात ओढली गेली. दोघं वाचली, तिघं गेली. तेव्हाही बोलणं झालं ते फलकांवर आणि जीवरक्षकांवरच. वाचलेल्या त्या दोघांशी, गेलेल्यांच्या भावंडांशी, वर्गातल्या सोबत्यांशी कोणी काय बोलायचं, हा प्रश्न चर्चेत आलाच नाही. आमची मनोरीची मुलं रोज तीच मार्व्याची खाडी फेरीबोटीने ओलांडून मालाडला शिकायला जातात, म्हणून तो मला टोचतो.

सरकार काहीच करत नाही असं नाही. करोनात आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने ५ लाखांची मुदत ठेव ठेवली. बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, एकच पालक गेला असला तरी. पण त्या योजनेच्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो, आणि कोळीवाड्यात कधीकधी तिथेच अडतं. समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही तर त्याला मृत मानायला कायदा साधारणपणे सात वर्षं थांबतो. सात वर्षांत पहिलीतलं पोर आठवीत जातं. घरात दिवस घातलेले नसतात, आईच्या कपाळावर कुंकू असतं, आणि ‘बाबा येतील’ म्हणावं की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. अशा मुलाला कुठल्या रकान्यात बसवणार?

‘आपल्याकडे वाडी सांभाळून घेते, मुलं विसरतात,’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. अर्धं खरं आहे. दहाव्यापर्यंत त्या घरात चूल पेटवावी लागत नाही, इतके डबे येतात. नंतर जो तो आपल्या होडीला लागतो. मुलं विसरतात, हे मात्र साफ खोटं. ती दुपारी रडतात आणि संध्याकाळी क्रिकेट खेळतात, म्हणून आपल्याला तसं वाटतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला मेलेला माणूस परत येत नाही हेच उमगलेलं नसतं, आणि आपण त्याला ‘बाबा गावाला गेलेत’ सांगून आणखी गोंधळात टाकतो. आठ-नऊ वर्षांचं मूल मनात धरतं की मी हट्ट केला, म्हणून असं झालं. चौदा वर्षांच्या मुलाला पाणी सोडायला बसवून वर सांगतात, ‘रडू नको, आता तूच कर्ता.’ त्याचं दुःख दहावीच्या वर्षी गैरहजेरीच्या रूपाने वर येतं आणि आम्ही शिक्षक शेरा मारतो: ‘लक्ष नाही.’ आमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २ नोव्हेंबरला ते लहान मुलांनाही कबरीवर मेणबत्ती लावायला नेतात. मेलेल्याचं नाव घरात मोठ्याने घेतलं जातं.

शाळेने समुपदेशक व्हावं, असं माझं म्हणणं नाही. सर्वेक्षणं आणि निवडणुकीच्या कामांतून शिक्षकांना आधीच उसंत नाही. पण मूल शाळेत परतण्याआधी एका शिक्षिकेने घरी जाऊन यावं. वर्गाला काय सांगायचं ते त्या मुलालाच विचारावं. परिपाठात त्याला सगळ्यांसमोर उभं करून श्रद्धांजली वाहू नये. हे मी पाहिलेलं आहे, आणि ते पोर मान खाली घालून उभं होतं. गरज वाटली तर उठून बाहेर जाण्याची मुभा त्याला असावी. पुढच्या वर्षी नव्या वर्गशिक्षकाला ही गोष्ट कळवलेली असावी. झोप, जेवण, बोलणं महिनोन् महिने बिघडलेलं राहिलं, किंवा मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर मात्र तज्ज्ञच हवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक किती शाळांच्या फलकावर लिहिलेला आहे?

यासाठी नवी समितीही नको. २०२२च्या शासन निर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमायची आहे. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर सगळ्यांना तिची आठवण झाली. तिच्याच कामात हे एक कलम घालावं आणि सुरुवात मालवणी, मार्वे, मनोरी, गोराईच्या शाळांपासून करावी. पालिकेच्या शिक्षण विभागाने परिपत्रक १५ जूनच्या आत काढावं. जुलैची भरती त्यानंतर लगेच येते.

— एक निवृत्त शिक्षिका, मनोरी