वयाची वजाबाकी

बँकांच्या लिपिक भरतीची जाहिरात शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचतात ते फक्त उमेदवार. धोरणकर्त्यांनीही एकदा वाचावी. 'आयबीपीएस'मार्फत होणाऱ्या या भरतीत खुल्या गटासाठी वयाची अट २० ते २८ वर्षे. त्याखाली सवलतींचा तक्ता. विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त झालेल्या आणि पुनर्विवाह न केलेल्या महिलांना खुल्या गटात ३५ व्या वर्षापर्यंत मुभा. माजी सैनिकांच्या वयातून सेवेची सगळी वर्षे, वर आणखी तीन वजा. दोन्ही सवलती रास्तच. पण लेकरे वाढवण्यासाठी घरी राहिलेल्या बाईचा रकाना त्या तक्त्यात नाही. संसार मोडला तर तिची अडचण सरकारला समजते. संसार सांभाळण्यातच सहा-सात वर्षे गेली असतील, तर मात्र 'वय उलटले' एवढेच उत्तर.

पंचविशीत पहिले मूल आणि दुसरे शाळेत रुळेपर्यंत तिशी पार, हा क्रम आपल्याकडे घरोघरी दिसतो. महाराष्ट्राच्या राज्य सेवेत खुल्या गटाला ३८ पर्यंत संधी आहे, म्हणून तिथे थोडा श्वास घेता येतो. तरी अभ्यास करायचा कधी? केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्ची पडतात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. दुपारी मूल झोपल्यावर पुस्तक उघडणारी आई आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळपासून ठाण मांडलेला तरुण एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात.

मूल वाढवायला वेळ लागतो हे सरकारला ठाऊक नाही, असेही नाही. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, राज्याच्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांवर नेली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. हे सारे नोकरीत असलेल्या महिलेसाठी. जिने राजीनामा दिला, बहुधा पाळणाघर परवडेना किंवा सापडेना म्हणून, ती यातल्या एकाही तरतुदीत बसत नाही. खासगी कंपनीत तिला 'मधली वर्षे काय केलेत?' असे विचारले जाते. हा प्रश्न दोन मुलांच्या बापाला कोणी विचारत नाही.

वाट अगदीच अनोळखी नाही. कामात खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये योजना आणली आणि पुढे तिची वयोमर्यादा ५७ पर्यंत नेली. प्रयोगशाळेत जे जमले ते बँकेच्या काउंटरवर का जमू नये? सैनिकाची वर्षे वजा करता येतात, तर आईचीही करावीत: एका अपत्यामागे तीन वर्षे, कमाल दोन अपत्यांपर्यंत. जागा आधीच कमी, त्यात ही भर कशाला, असा आक्षेप बेरोजगार तरुण घेतील. त्यांची अस्वस्थता खोटी नाही; परंतु ही सवलत फक्त परीक्षेला बसू देते, एकही गुण वाढवून देत नाही. पुराव्याची अडचण तर मुळीच नाही. अपत्याचा जन्मदाखला ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत मिळतो आणि आधीची नोकरी कधी सुटली हे भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात दिसते.